गुप्त मतदान, सोबत्यासह

मतदानाच्या आदल्या दुपारी मांडववाला येतो. टेंपोत गणपतीच्या मांडवातून उरलेल्या फळ्या, सुतळीचं बंडल, मूठभर खिळे आणि एक हिरवं कारपेट. शाळेच्या तीन पायऱ्यांवर तो फळ्या टाकतो, त्यावर कारपेट अंथरतो, पावतीवर सही घेतो आणि पुढच्या शाळेकडे निघतो. अहवालात या प्रकाराची नोंद 'रॅम्प उपलब्ध' अशी होते.

उताराचं मान्य प्रमाण 1:12 आहे. पायरी सहा इंचांची धरली तर तीन पायऱ्यांची उंची दीड फूट, म्हणजे उतार अठरा फूट लांब हवा. मांडववाल्याची फळी सहा फुटांची. तिच्यावरून व्हीलचेअर वर चढवायला तीन कार्यकर्ते लागतात आणि खाली आणायला देव. तिघे कार्यकर्ते तीन पक्षांचे असले तर सर्वपक्षीय एकजुटीचं दर्शनही फुकटात घडतं.

या फळीमागे सर्वोच्च न्यायालय आहे, हे मांडववाल्याला माहीत नसतं. 2004 च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर जावेद अबिदी आणि त्यांच्या डिसेबल्ड राइट्स ग्रुपने न्यायालयाचं दार ठोठावलं. चाकाच्या खुर्चीतला माणूस पायऱ्या चढून मतदान कसा करणार, एवढाच साधा सवाल होता. वेळ थोडा होता, म्हणून तूर्त लाकडी का होईना, पण उतार करा, असं न्यायालयाने सांगितलं. ते 'तूर्त' अजून चालू आहे. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टीला आयुष्य फार.

पुढे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्याच्या कलम 11 मध्ये लिहिलंय की सगळी मतदान केंद्रं दिव्यांगांना सहज वापरता येतील अशी असली पाहिजेत आणि निवडणुकीचं सगळं साहित्य त्यांना समजेल असं असलं पाहिजे. ही जबाबदारी केंद्राच्या निवडणूक आयोगावर आहे, तशीच राज्याच्या आयोगावरही. म्हणजे ग्रामपंचायत आणि नगरपालिकेलाही सूट नाही. 'शक्यतो', 'निधीच्या उपलब्धतेनुसार' असे आपले लाडके शब्द त्या कलमात नाहीत. कायदा लिहिणाऱ्याची नजरचूक झाली असावी.

खरी गंमत पुढे आहे. बहुतेक मतदान केंद्रं शाळांत असतात आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे शाळेच्या इमारतीत मुलांना अडथळ्याविना जाता आलं पाहिजे. म्हणजे तिथे पक्का उतार आधीपासूनच असायला हवा. मग मांडववाला येतो कशाला? मतदान संपल्यावर तो फळ्या काढून नेतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच शाळेतली कुबड्या घेतलेली पाचवीतली पोरगी पुन्हा त्याच तीन पायऱ्यांशी झुंजते. तिचा दोष एवढाच की ती अजून अठरा वर्षांची नाही.

*

उतार पार केला की फोटो.

व्हीलचेअरवरच्या मतदाराचा फोटो नसेल तर मतदानाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र छापायला परवानगी नसावी, अशी माझी शंका आहे. हातात गुलाब, शेजारी हसरे अधिकारी, मागे 'माझं मत, माझा अधिकार' असा फलक, आणि बोटावरची शाई कॅमेऱ्याला दाखवताना अवघडलेला मतदार. खाली ओळ ठरलेली: 'अपंगत्वावर मात करत बजावला हक्क'. त्याने मात खरं तर पायऱ्यांवर केलेली असते, पण पायऱ्या कुणी बांधल्या हे लिहायला ओळीत जागा उरत नाही.

आयोगाचे 'आयकॉन'ही असतात. 2024 मध्ये हा मान दोन्ही हात नसलेली, पायाने धनुष्य ताणणारी तिरंदाज शीतल देवी हिला मिळाला. निवड उत्तमच. पण मला त्या वेळी शाईची काळजी वाटली. नियम वाचला तर तिथे सोय आहे: डाव्या हाताची तर्जनी नसेल तर डाव्या हाताचं दुसरं बोट, तेही नसेल तर उजव्या हाताचं, बोटंच नसतील तर हाताचं जे टोक असेल ते. 1961 च्या निवडणूक नियमांत इतकी बारकाईने काळजी घेतलीय. शाई कुठे लावायची हा प्रश्न आपण फार मनावर घेतला. हात नसलेल्या माणसाने बटण कसं दाबायचं, यावर तितक्या ओळी खर्च झालेल्या नाहीत. त्याला सोबती दिला आणि विषय मिटवला. या सोबत्याकडे मी येतोच.

*

त्याआधी थोडं गणित. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग होते. 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद होती सुमारे 6 लाख 36 हजार जणांची. कुणी म्हणेल, जनगणनेत लहान मुलंही मोजतात. बरोबर. पण 2011 मधली पाचवीतली मुलं 2024 पर्यंत मतदार झाली की. शिवाय जनगणना झाली तेव्हा कायद्याला अपंगत्वाचे सातच प्रकार ठाऊक होते, नव्या कायद्यात ते एकवीस झाले. प्रकार तिपटीने वाढले आणि माणसं पाचाची एक झाली. इतकी परिणामकारक उपचारपद्धती जगात दुसरी नसेल.

ही माणसं गेली कुठे? कुठेच नाही. त्यातली बरीच यादीत साधी मतदार म्हणून असणार. नावापुढे दिव्यांग ही नोंद नाही, एवढंच. ती हवी असेल तर नमुना 8 भरायचा. नमुना 8 म्हणजे पत्ता बदलला, नाव चुकलं, कार्ड हरवलं यासाठी असलेला फॉर्म. त्यातच एक रकाना अपंगत्वाचा. आता ज्या माणसाला घराबाहेर पडणं मुश्कील, त्याने आपण घराबाहेर पडू शकत नाही हे सरकारला कळवायचं, मग सरकार त्याच्यासाठी व्हीलचेअर ठेवणार. कळवलं नाही तर तो धडधाकट.

घरून मतदानाची सोय आहे, हे मान्य केलं पाहिजे. 2019 मध्ये नियम बदलले आणि वृद्धांना व दिव्यांगांना घरच्या घरी टपाली मतपत्रिकेवर मत देता येऊ लागलं. वृद्धांची अट आधी ऐंशी वर्षांची होती, 2024 च्या लोकसभेच्या तोंडावर ती पंच्याऐंशी झाली. मधल्या पाच वर्षांतले लोक एकाएकी तरुण झाले. दिव्यांगांसाठी अट चाळीस टक्क्यांची. प्रमाणपत्रावर 40 असेल तर पथक तुमच्या घरी येईल, 38 असेल तर तुम्ही पथकाकडे जायचं. हे टक्के मोजणाऱ्या डॉक्टरांना एकदा विचारायचंय की मतदान केंद्राच्या पायऱ्या नेमक्या किती टक्क्यांच्या असतात.

घरून मत द्यायचं तर नमुना 12 ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून द्यायचा. मग पथक येतं: दोन मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला, आणि उमेदवारांना कळवलेलं असल्याने त्यांचे प्रतिनिधीही येऊ शकतात. वन रूम किचनमध्ये इतकी माणसं आली की आजींना वाटतं जप्ती आली. त्या गर्दीत एक पुठ्ठा उभा करून त्याच्या आडोशाला त्यांनी 'गुप्त' मतदान करायचं. पहिल्या फेरीत त्या दवाखान्यात गेल्या असतील तर पथक आणखी एकदा येतं, त्यानंतर नाही. आणि एकदा घरून मत देईन म्हणून लिहून दिलं की केंद्रावर जायचा रस्ता बंद. थोडक्यात, अंथरुणाला खिळलेल्या माणसाने घरी सापडलं पाहिजे ही जबाबदारी त्याचीच.

*

आता सोबती.

आमच्या वाड्यात एक मास्तर राहतात. पेटी शिकवायचे. पन्नाशीत काचबिंदूने नजर गेली, बोटं अजून पेटीवर पाण्यासारखी फिरतात. गेल्या निवडणुकीत संध्याकाळी ओट्यावर भेटले.

"मास्तर, मत दिलंत का?"

"दिलं असावं."

"असावं म्हणजे?"

"सूनबाई म्हणाली, दिलं. यंत्र पण पीं म्हणालं. कुणाला दिलं ते त्या दोघींना ठाऊक."

"तुम्ही सांगितलं असेल ना तिला, कुठलं बटण दाबायचं ते?"

"सांगितलं ना. हळू आवाजात. त्या हळू आवाजाला मागच्या बाकावरचा पोलिंग एजंट म्हणाला, 'मास्तर, जरा मोठ्याने बोला, ताईंना ऐकू आलं नसेल.'"

ही व्यवस्था त्याच 1961 च्या नियमांतल्या नियम 49 एन मध्ये आहे. दिसत नसल्यामुळे किंवा शारीरिक दुबळेपणामुळे मतदाराला चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल, तर त्याने अठरा वर्षांवरचा सोबती घेऊन जावं. एका सोबत्याने त्या दिवशी एकाच मतदाराची सोबत करायची. त्याने लिहून द्यायचं की मी हे मत गुप्त ठेवीन. केंद्राध्यक्षाने अशा मतदारांची आणि सोबत्यांची यादी नमुना 14 अ मध्ये करायची. अलीकडे सोबत्याच्या उजव्या तर्जनीला शाईसुद्धा लावतात, तो पुन्हा दुसऱ्या कुणाचा सोबती होऊ नये म्हणून. बंदोबस्त पुष्कळ आहे. फक्त मतदाराने सांगितलेलं बटण आणि सोबत्याने दाबलेलं बटण एकच होतं का, असा रकाना नमुना 14 अ मध्ये नाही. तो भरणार तरी कोण?

मास्तरांच्या सूनबाईवर माझा संशय नाही. त्या घरात कुणाचं कुणाशी राजकारणावरून पटत नाही, पण म्हातारा सांगेल ते बटण ती दाबेल. प्रश्न असा की सूनबाईला कळलं, म्हणजे घरात कळलं. घरात कळलं म्हणजे मुलगा ज्या पुढाऱ्याच्या पतपेढीत नोकरीला आहे तिथे कळायला किती वेळ? डोळस माणूस बायकोला एक सांगतो, मित्रांना दुसरं सांगतो आणि आत जाऊन तिसरंच बटण दाबतो. लोकशाहीतला हा सगळ्यात गोड खोटेपणा आहे. मास्तरांना तो करता येत नाही. त्यांना दरवेळी खरंच सांगावं लागतं, आणि तेही साक्षीदारासमोर.

ब्रेल आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. आहे. यंत्राच्या बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात. 2004 मध्ये हैदराबादच्या आसिफनगर पोटनिवडणुकीत त्याची चाचणी झाली, मग ते देशभर आलं. आता केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिकाही ठेवतात. ती वाचायची, आपल्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवायचा, आत जाऊन तो क्रमांक बोटांनी चाचपायचा. ब्रेल येणाऱ्याला हे जमतं, आणि जमलं की तो एकटा बाहेर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते वर्तमानपत्राच्या फोटोत कधी दिसत नाही. तसं पाहिलं तर साधन गुप्ता कलकत्त्यातून 1953 ची पोटनिवडणूक जिंकून देशाचे पहिले अंध खासदार झाले. अंध माणसाला संसदेत बसता येतं हे आपल्याला तेव्हाच कळलं होतं. तो बोटांनी वाचतो हे कळायला आणखी पन्नास वर्षं लागली.

पण मास्तरांना ब्रेल येत नाही. पन्नाशीनंतर नजर गेलेल्या बहुतेकांना येत नाही. मधुमेह, काचबिंदू, वय यांनी नजर गेलेली माणसं ब्रेलच्या शाळेत गेलेलीच नसतात. केंद्राध्यक्ष त्यांच्या हातात ब्रेलची मतपत्रिका देतात आणि मास्तर ती आदराने घडी करून परत देतात. 'निवडणूक साहित्य सुगम स्वरूपात पुरवले', अशी नोंद तरी होते.

त्यात व्हीव्हीपॅट. तुमचं मत बरोबर पडलं की नाही याची कागदी चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. या चिठ्ठ्यांवरून देशात केवढं रणकंदन झालं. सगळ्या चिठ्ठ्या मोजा म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, 26 एप्रिल 2024 ला न्यायालयाने नाही म्हटलं, वाहिन्यांवर आठवडाभर चर्चा झाली. त्या सगळ्या चर्चेत, ज्याला ती चिठ्ठी मुळात दिसतच नाही त्याच्या सात सेकंदांचं काय, हे विचारलेलं माझ्या तरी कानावर आलं नाही. मास्तर ती सात सेकंदं काय करतात? "उभा राहतो," म्हणाले. "राष्ट्रगीतासारखा."

(कर्णबधिर मतदाराचं उलटं. त्याला चिठ्ठी दिसते, पीं ऐकू येत नाही. बटणाशेजारचा लाल दिवा बघून त्याचं भागतं. त्याची अडचण मशीनपाशी नाही, त्याआधीच्या टेबलापाशी आहे, जिथे अधिकारी यादीतलं नाव पुकारतात आणि त्याने हूं म्हटलं नाही म्हणून पुढच्याचं पुकारतात.)

*

एका प्रकारच्या मतदाराला मात्र सोबतीही मिळत नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 16 सांगतं की मनोविकल असलेल्या, आणि सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलेल्या माणसाचं नाव मतदार यादीत येणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 326 मध्येही हे कारण आहे. इथे पुढाऱ्यांच्या डोक्यावर एक विनोद करायचा मोह मराठी स्तंभलेखकाला होतोच. मीही कागदावर लिहिला होता. खोडला. कारण तो विनोद होतो तेव्हा हसं पुढाऱ्याचं होत नाही, येरवड्याच्या किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातल्या माणसाचं होतं, आणि त्याने कुणाचंच वाईट केलेलं नसतं.

कलमातले महत्त्वाचे शब्द 'न्यायालयाने जाहीर केलेल्या' हे आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही, शेजाऱ्यांचं मत पुरत नाही, भावकीचं तर अजिबात नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही स्पष्ट केलंय की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी मनोविकल ठरत नाही. म्हणजे गोळ्या घेणारा, रुग्णालयात राहणारा, बौद्धिक अपंगत्व असलेला, कुणाचाही हक्क आपोआप जात नाही. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत चेन्नईच्या किळपाक मनोरुग्णालयात तिथल्या रुग्णांसाठी केंद्रच उघडलं आणि दीडशेच्या आसपास रुग्णांनी मत दिलं. आभाळ कोसळल्याची नोंद नाही.

कायदा हा असा, आणि घरातला रिवाज वेगळा. मतदार यादीसाठी घरोघरी फिरणारा बीएलओ दारात येतो, अठराच्या वरच्यांची नावं विचारतो. आई तीन नावं सांगते. आतल्या खोलीत चौथा मुलगा टीव्ही बघत असतो. "तो... त्याचं काही नाही लिहिलं तरी चालेल, त्याला काही कळत नाही." बीएलओही समजुतीने मान हलवतो आणि पुढच्या घरी जातो. कुठलंही न्यायालय नाही, अर्ज नाही, सुनावणी नाही. सव्वीस वर्षांच्या नागरिकाचा मताधिकार उंबरठ्यावर अर्ध्या मिनिटात निकाली निघतो. त्या मुलाला घरातल्या प्रत्येकाचा आवडता उमेदवार तोंडपाठ असतो, कारण टीव्ही दिवसभर तोच बघतो. बाकीचे तिघं निकालाच्या दिवशी बघतात.

आणि कळण्याचीच परीक्षा लावायची तर ती सगळ्यांना लावावी लागेल. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट बघून मत बदलणाऱ्यांनाही. मग केंद्रावर रांगच लागणार नाही, उतारही लागणार नाही.

*

डिसेंबर 2023 मध्ये आयोगाने पक्षांना एक चांगली गोष्ट सांगितली. प्रचारात अपंगत्वावरून शिव्या देऊ नका. आंधळा, बहिरा, लंगडा, मुका असे शब्द विरोधकांसाठी वापरू नका. पत्रक वाचून मला आमच्या प्रचारसभांचं कसं होणार याची धास्ती वाटली. 'हे आंधळं, बहिरं, मुकं सरकार' हे वाक्य काढून घेतलं तर विरोधी पक्षाचं अर्धं भाषण संपतं, आणि 'विरोधक पांगळे झालेत' काढलं तर सत्ताधाऱ्यांचं. पण धास्ती फुकट गेली. 2024 मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली, भाषणं पूर्वीच्याच लांबीची होती.

*

मास्तरांचा मोबाइल बोलतो. बँकेचे मेसेज वाचून दाखवतो, वीजबिल भरतो, नातवाला खाऊला पैसे पाठवतो. आपल्या देशात 2012 पासून बोलणारी एटीएम आहेत. कानात इअरफोन घाला, यंत्र तुमच्या कानात सांगतं, तुम्ही बटण दाबता, शेजारच्याला शिल्लक कळत नाही. अमेरिकेने 2002 च्या कायद्याने प्रत्येक मतदान केंद्रावर निदान एक तरी असं यंत्र सक्तीचं केलं, की अपंग मतदाराला कुणाच्या मदतीशिवाय, गुपचूप मत देता यावं. आपलं मतदान यंत्र कशालाच जोडलेलं नसतं, म्हणून सुरक्षित असतं, असं आपल्याला अभिमानाने सांगितलं जातं. ते खरं असेल. पण इअरफोनची वायर मास्तरांच्या कानापर्यंतच जाते, परदेशात जात नाही.

हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी पुढच्या खेपेला एकटाच जाणार आहे," ते म्हणाले.

"कसं जमेल?"

"शाळेतल्या एका पोराकडून ब्रेलचे आकडे शिकतोय. एक ते सोळा. पेटीच्या पट्ट्या लक्षात राहिल्या तर हे राहील. सूनबाईला सांगितलंय, तू दाराबाहेर थांब."

"ती काय म्हणाली?"

"रागावली. म्हणाली, माझ्यावर विश्वास नाही का."

"आणि मत कुणाला देणार?"

मास्तर हसले. पेटीचा भाता दोनदा मागे-पुढे केला.

"ते तुम्हाला कशाला सांगू?"